लेकीला ९१ पडले, मग कॉलेज का मिळत नाही?

या वेळचं पत्र बार्शीहून आलं आहे. थोडं आटोपशीर करून देते:

«ताई, माझं किराणा दुकान आहे. शिक्षण बारावीपर्यंत. मुलगी बीकॉम झाली, एमबीएची सीईटी तिनं दोनदा दिली. गेल्या वर्षी ८४ पडले, यंदा ९१.४. निकालाच्या दिवशी मी सगळ्या आळीत पेढे वाटले, मुलीला ९१ टक्के मिळाले म्हणून सांगितलं. आता प्रवेशाची पहिली फेरी झाली आणि मुंबईचं एकही नावाजलेलं कॉलेज लागलं नाही. लोक विचारतात, ९१ टक्क्यांना कॉलेज मिळत नाही म्हणजे काय? मी काय सांगू? मुलगी म्हणते, बाबा ते टक्के नाहीत, पर्सेंटाइल आहे. मी तिच्यावर ओरडलो. तेव्हापासून ती माझ्याशी धड बोलत नाही. तिच्या मैत्रिणीला हिच्यापेक्षा सहा गुण जास्त, हिला ९८ आणि तिला १०४, पण मैत्रिणीचं पर्सेंटाइल कमी, ९०.७. मेहुणे म्हणतात यात सरळसरळ घोळ आहे. त्यांच्या मुलाला जीमॅटला ६४५ पडले, ते चांगले की वाईट तेही आम्हाला कळत नाही. एका माणसाचा सारखा फोन येतो, पैसे भरा, सीट करून देतो. मला वाटतं गेल्या वर्षीपेक्षा सात वाढले, पुढच्या वर्षी आणखी सात-आठ वाढले की ९९ होतील. अजून एक वर्ष बसवावं का? की कॅट द्यायला लावू?»

नमस्कार भाऊ,

आधी पेढ्यांचं बोलू, कारण पत्रात तीच सल सगळ्यात खोल दिसते. पेढे वाटलेत ते योग्यच केलंत. लेकीनं चांगलं यश मिळवलं आहे आणि ते आळीला सांगण्यासारखंच आहे. गफलत फक्त एका शब्दाची झाली. तो शब्द नीट लावला की तुमच्या पत्रातल्या निम्म्या प्रश्नांची गाठ आपोआप सुटते. मी अठरा वर्षं कॉलेजात सांख्यिकी शिकवते आहे, दर वर्षी जून-जुलैत माझ्यासमोर असे आईवडील बसतात, आणि त्यातले बरेचसे हाच शब्द चुकीचा धरून आलेले असतात. त्यात सरकारी अधिकारी असतात, डॉक्टर असतात. तेव्हा बारावीपर्यंतच शिकलो म्हणून कळलं नाही, असं मनात आणू नका.

टक्के म्हणजे काय ते तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. रोज मार्जिन काढता. एमबीएच्या सीईटीत २०० प्रश्न असतात, प्रत्येकाला एक गुण. तुमच्या लेकीला ९८ मिळाले. म्हणजे टक्क्यांत बोलायचं तर तिला ४९ टक्के आहेत. दचकू नका, पुढे वाचा. ९१.४ हा आकडा तिच्या पेपराचा नाही, तो तिच्यासोबत परीक्षा दिलेल्या मुलांचा आहे. तिच्या सत्रातल्या शंभर मुलांपैकी साधारण ९१ मुलांना तिच्याइतके किंवा तिच्यापेक्षा कमी गुण पडले, एवढंच तो सांगतो. शंभरातल्या आठ-नऊ जणांनाच तिच्याहून जास्त जमलं. अकरावीच्या अर्थशास्त्राच्या पुस्तकात याला शतमक म्हणतात. शब्द मराठीत चांगला आहे, पण बोलण्यात कुणी वापरत नाही, म्हणून मीही पर्सेंटाइलच म्हणते.

वारीचं उदाहरण घेऊ. पंढरपूरच्या वाटेवर दिंड्या चालल्या आहेत असं डोळ्यांसमोर आणा. एखादा वारकरी आज किती कोस चालला, ते त्याचे गुण. आणि वळून पाहिलं तर त्याच्या मागे शंभरातले किती जण दिसतात, ते त्याचं पर्सेंटाइल. दोन्ही आकडे खरे, पण एक वाटेचा आणि एक माणसांचा. चाळीस गुणांचा पेपर असो की दोनशेचा, अवघड असो की सोपा, दुसरा आकडा कायम शंभराच्या भाषेतच बोलतो. म्हणून तो टक्क्यांसारखा दिसतो आणि फसवतो.

आता मुंबईचं कॉलेज का लागलं नाही, ते बघा. ही परीक्षा लाखाहून जास्त मुलं देतात. हिशेबाला सोपं पडावं म्हणून एक लाखच धरू. ९१.४ म्हणजे तिच्या पुढे ८.६ टक्के मुलं, म्हणजे साधारण ८,६०० मुलं. मुंबईतल्या जमनालाल बजाज कॉलेजात एमएमएसच्या, म्हणजे तिथल्या एमबीएच्या तोडीच्या अभ्यासक्रमाच्या, जागा १२० च्या घरात. तिथे खुल्या प्रवर्गातून जायचं तर ९९.९ च्या आसपास किंवा त्याहून वर लागतं, म्हणजे लाखातल्या पहिल्या शंभर-सव्वाशेत यावं लागतं. तुमच्या लेकीवर कुणी अन्याय केलेला नाही, भाऊ. दार अरुंद आहे आणि दारापर्यंत ८,६०० जण तिच्या आधी पोचले आहेत. आळीत कुणी विचारलं तर सांगा, «लाखात साडेआठ हजार पुढे आहेत, नव्वद हजारांवर मागे आहेत.» हे वाक्य कुणालाही कळतं आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही.

मैत्रिणीचा प्रश्न मात्र खरोखर नाजूक आहे, आणि शंका घेतलीत म्हणून मी तुम्हाला नावं ठेवणार नाही. १०४ वाली मागे आणि ९८ वाली पुढे, हे ऐकलं की कुणालाही घोळ वाटणारच.

एवढ्या मुलांना एकाच वेळी संगणकावर बसवता येत नाही. म्हणून परीक्षा वेगवेगळ्या सत्रांत होते, मुलं त्याला शिफ्ट म्हणतात, आणि प्रत्येक सत्राचा पेपर वेगळा असतो. पेपर काढणारे कितीही जपून काढोत, एक थोडा सोपा जातो, एक थोडा अवघड. परत वारीकडे या. माउलींची पालखी पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाट चढते. तुकोबांची पालखी लोणी काळभोरच्या सपाट रस्त्यानं जाते. घाटात चाललेल्याचे कोस आणि सपाटीवर चाललेल्याचे कोस एकमेकांसमोर ठेवून कोण जास्त दमदार, हे ठरवता येईल का? नाही येणार. पण घाटातल्या माणसाची तुलना घाटातल्यांशी केली आणि सपाटीवरच्याची सपाटीवरच्यांशी, तर काही अर्थ निघतो.

राज्याचा सीईटी कक्ष हेच करतो. आधी प्रत्येक सत्राचं पर्सेंटाइल वेगळं काढलं जातं: त्या सत्रात तुमच्याइतके किंवा तुमच्यापेक्षा कमी गुण मिळालेले किती, त्याला त्या सत्रात बसलेल्या एकूण मुलांनी भागायचं आणि शंभरानं गुणायचं. मग सगळ्या सत्रांचे हे आकडे एका यादीत लावायचे. बरोबरी टळावी म्हणून निकालात दशांशानंतर सात-सात अंक दिसतात. प्रत्येक सत्रात जो पहिला येतो त्याला त्या सूत्रानं १०० च मिळतात, मग त्याला दोनशेपैकी १६० गुण असोत की १७५.

तुमच्या घरातलेच आकडे घेऊन दाखवते. समजा लेकीच्या सत्रात मुलांची सरासरी ७० गुण होती. ९८ म्हणजे ती सरासरीच्या २८ पुढे. समजा मैत्रिणीच्या सत्राचा पेपर सोपा होता आणि तिथली सरासरी ७७ होती. १०४ म्हणजे ती सरासरीच्या २७ पुढे. एका गुणाचा फरक, तोही तुमच्या लेकीच्या बाजूनं. म्हणून ९१.४ आणि ९०.७. सरासरीचे हे आकडे मी समजुतीसाठी धरलेले आहेत, पण गणित चालतं ते असंच. यात मुलींची चूक नाही आणि चोरीही नाही. ही रीत एका गोष्टीवर उभी आहे: कुणाला कुठलं सत्र मिळेल हे मुलांच्या हुशारीवर ठरत नाही आणि प्रत्येक सत्रात हजारो मुलं असतात, त्यामुळे हुशार-मध्यम सगळीकडे सारखेच वाटले जातात, असं ती मानते. एखाद्या मुलावर दोन-चार दशांशांचा अन्याय होत नसेल असं मी म्हणणार नाही. पण कोरे गुण तसेच एका यादीत लावले असते, तर अवघड पेपर वाट्याला आलेल्या हजारो मुलांवर त्याहून मोठा अन्याय झाला असता. आणि मेहुण्यांना हेही सांगा, की मैत्रीण आणि लेक यांच्यातला ०.७ चा फरक म्हणजे लाखात ७०० मुलं. दोघींना मिळणारी कॉलेजं बहुतेक तीच असतील. त्यासाठी दोन मैत्रिणींमध्ये वितुष्ट येऊ देऊ नका.

आता तुमचा सगळ्यात मोठा प्रश्न. ८४ चे ९१ झाले, आता ९१ चे ९९ होतील का?

सात आणि सात सारखेच, असं आपल्या डोक्यात बसलेलं असतं. दोनदा सात किलो साखर दिली तर दोन्ही वेळा पैसे तेवढेच. पर्सेंटाइलचं तसं नाही. वारीच्या वाटेवर मधल्या भागात गर्दी दाटीवाटीची असते. तिथे शंभर पावलं झपाझप टाकली की शेकडो माणसं मागे पडतात. पण अगदी पुढच्या टोकाला माणसं विरळ होत जातात. तिथे तीच शंभर पावलं टाकली तरी जेमतेम दोन-तीन जण ओलांडले जातात. परीक्षेच्या गुणांचंही असंच आहे. बहुतेक मुलं मधल्या गुणांपाशी दाटलेली असतात आणि वरच्या टोकाला थोडीच.

मघाचीच सरासरी ७० धरून मी हिशेब करून पाहिला. मुलांचे गुण सरासरीच्या भोवती जसे सहसा पसरतात तसे पसरले आहेत असं धरलं, तर ८४ पर्सेंटाइलपासून ९१.४ पर्यंत यायला सात-आठ गुण लागतात. लेकीनं वर्षभरात साधारण तेवढी मजल मारली आहे. पण ९१.४ पासून ९९ पर्यंत जायला त्याच हिशेबात जवळपास २० गुण लागतात. आणि ९९ वरून बजाजच्या ९९.९ ला भिडायचं तर आणखी १५-१६. म्हणजे ९८ वरून साधारण ११८, आणि मग १३३. पर्सेंटाइलच्या कागदावर सात, साडेसात आणि ०.९ एवढंच दिसतं, पण मेहनतीच्या कागदावर ते सात-आठ, वीस आणि पंधरा-सोळा असे उतरतात. दर वर्षीच्या पेपराप्रमाणे हे गुण मागेपुढे होतील, पण चढ वर जाऊन असाच खडा होतो, यात बदल होत नाही.

म्हणून «फक्त आठच वाढवायचेत» असं लेकीला म्हणू नका. तिला ते अंतर माहीत आहे, ती ते चालून आली आहे. असं वाक्य तिला टोचत असणार.

एक गोष्ट मात्र आजच तिच्याकडून समजून घ्या. या परीक्षेत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. प्रत्येक प्रश्नाला पाच पर्याय असतात. तिनं स्वतःची उत्तरपत्रिका पाहून ९८ मोजले असतील, तर किती प्रश्न कोरे सोडले तेही त्यात दिसेल. समजा २५ सोडले. शेवटच्या दोन मिनिटांत नुसते डोळे मिटून त्या २५ वर कुठलाही पर्याय दाबला असता, तरी सरासरीनं पाच बरोबर आले असते. तिच्या जागी पाच गुण म्हणजे माझ्या त्याच हिशेबात तीनहून थोडं जास्त पर्सेंटाइल, म्हणजे लाखात तीन हजारांवर मुलं. दर वर्षी असे पेपर माझ्यासमोर येतात आणि दर वर्षी मला हळहळ वाटते. दीडशे मिनिटांत दोनशे प्रश्न, म्हणजे एका प्रश्नाला पाऊण मिनिट. सगळे सोडवून होत नाहीतच. पण कोरा एकही सुटू नये. एक गोष्ट अशीही की दोनशेपैकी शंभर प्रश्न तर्काचे आणि आकृत्यांचे असतात, ७५ आणि २५. गणित ५०, इंग्रजी ५०. बीकॉमची मुलं गणिताची धास्ती घेऊन वर्षभर गणितच घासत बसतात आणि निम्मा पेपर तर्काचा आहे हे विसरतात. लेकीचे गुण कुठे गेले ते चारही भागांत वेगळं मोजायला सांगा.

कॅटबद्दल. सीईटीचे ९१ आणि कॅटचे ९१ हे एकच नाणं समजू नका. पर्सेंटाइल नेहमी «कुणाच्या तुलनेत» असतं. कॅट ही आयआयएमसारख्या व्यवस्थापन संस्थांची प्रवेश परीक्षा, ती देशभरातून होते. २०२४ मध्ये ती आयआयएम कलकत्त्यानं घेतली, २.९३ लाख मुलं बसली, आणि त्यात इंजिनिअरिंगची मुलं फार मोठ्या संख्येनं असतात. त्या जत्रेतले ९१ वेगळे. शिवाय तिथे पर्यायी प्रश्नाला बरोबर उत्तराचे तीन गुण आणि चुकीला एक वजा, त्यामुळे सीईटीची «काही कोरं सोडू नको» ही सवय कॅटमध्ये नडते. कॅटचा पेपर इतका अवघड असतो, की गेल्या काही वर्षांत एकूण गुणांच्या निम्म्याहूनही कमी गुणांवर ९९ पर्सेंटाइल मिळालं आहे. टक्के आणि पर्सेंटाइल यांच्यातली दरी याहून स्पष्ट कुठे दिसणार?

तिथल्या १०० पर्सेंटाइलचीही एक गंमत आहे, ती वर्गात सांगितली की मुलांचे डोळे चमकतात. कॅटमध्ये एकूण मुलांतून तुमचा क्रमांक वजा करून एकूण मुलांनी भागतात. म्हणजे पहिला आलेला मुलगा स्वतःला वजा केल्यामुळे पुऱ्या १०० ला कधीच पोचत नाही. पण निकाल दोन दशांशांपर्यंत देतात, त्यामुळे ९९.९९५ किंवा त्याहून वर जे असतील ते सगळे १०० दाखवले जातात. आता २.९३ लाखांचे ०.००५ टक्के काढा: १४.६५. त्या वर्षी १०० पर्सेंटाइल कितीजणांना मिळालं? चौदा. त्याआधी २०२३ ला २.८८ लाख बसले, तेव्हाही चौदा. २०२२ ला २.२२ लाख बसले, अकरा. २०२५ ला २.५८ लाख बसले, बारा. वर्तमानपत्रं दर वर्षी बातमी देतात की यंदा इतके «शंभर नंबरी» निघाले, गेल्या वर्षीपेक्षा कमी की जास्त. प्रत्यक्षात तो आकडा मुलांच्या हुशारीवर नाही, बसलेल्यांच्या संख्येवर ठरतो. आणि त्या चौदातल्या एकालाही पैकीच्या पैकी गुण असायची गरज नाही.

कॅटच्या निकालात तिन्ही भागांचं वेगळं पर्सेंटाइल येतं आणि एकूणाचं वेगळं. तिघांची सरासरी काढून एकूण येत नाही, हे ध्यानात ठेवा. तिन्ही भागांत ९० असलेल्याचं एकूण पर्सेंटाइल बहुतेक वेळा ९० च्या बरंच वर जातं, कारण एकाच वेळी तिन्हीकडे चांगलं करणारे थोडे असतात. उलट एका भागात ९९ आणि दुसऱ्यात ५० असेल, तर एकूण आकडा बरा दिसूनही आयआयएम मुलाखतीला बोलावत नाही, कारण भागवार किमान अट असते.

मेहुण्यांच्या मुलाचं थोडक्यात. जीमॅट ही मुख्यतः परदेशातल्या एमबीएसाठीची परीक्षा, आणि तिच्यात नोव्हेंबर २०२३ पासून नवी पद्धत आली आहे. आता गुण २०५ ते ८०५ या पट्टीवर देतात आणि प्रत्येक आकडा ५ वर संपतो. पूर्वीची पट्टी २०० ते ८०० होती. ज्यांनी जुन्या काळातले ७०० ऐकले आहेत त्यांना ६४५ कमी वाटतात, पण परीक्षा घेणाऱ्या संस्थेनं दिलेल्या तक्त्यात नवे ६४५ जुन्या ७०० च्या तोलाचे धरले आहेत. मुलानं छान केलं आहे. त्याचे ६४५ आणि तुमच्या लेकीचे ९१.४ शेजारी ठेवू नका, ती दोन वेगवेगळी मापं आहेत. लिटर आणि किलोची तुलना तुम्ही गिऱ्हाइकाला करू देणार नाही.

आता यंदाच्या प्रवेशाचं, कारण फेऱ्या अजून बाकी आहेत आणि वेळ थोडा आहे. लेकीचं पर्सेंटाइल थोडा वेळ बाजूला ठेवा आणि तिचा राज्य गुणवत्ता क्रमांक हातात घ्या. गेल्या वर्षीच्या फेऱ्यांच्या कट-ऑफ याद्या सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात प्रत्येक कॉलेजाखाली दोन आकडे छापलेले असतात: वर शेवटच्या मुलाचा गुणवत्ता क्रमांक आणि खाली कंसात त्याचं पर्सेंटाइल. रकान्यांची नावं इंग्रजी अक्षरांत असतात. सुरुवातीला जी असेल तर सर्वसाधारण, एल असेल तर मुलींसाठीच्या राखीव जागा. शेवटी एस असेल तर राज्यस्तर, एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे बाहेरचं विद्यापीठ. कित्येक वडील फक्त जी चा रकाना बघून «नाही होत» म्हणून पान उलटतात. तुम्ही एल चा रकाना बोट ठेवून वाचा. मुलींसाठी ३० टक्के जागा आहेत आणि तिथला शेवटचा क्रमांक बऱ्याच ठिकाणी खालचा असतो. तुमचा प्रवर्ग असेल तर त्याचाही रकाना बघा. आणि फक्त पहिली फेरी बघू नका, शेवटच्या फेरीपर्यंत आकडा किती खाली सरकला ते पाहा. पसंतीक्रम भरताना मनापासून हवं ते कॉलेज वर ठेवा, मिळण्याची खात्री आहे ते खाली. वरची पसंती टाकल्यानं खालची जात नाही.

मुंबईचाच हट्ट मी धरणार नाही. पुण्यात, सोलापुरात, नाशिक-कोल्हापुरात ९० च्या आसपास मिळणारी कॉलेजं आहेत. त्यातली काही चांगली आहेत, काही नावापुरती. माहितीपत्रकातल्या पगाराच्या आकड्यावर जाऊ नका. एक दिवस दुकान भावाकडे सोपवा, लेकीला घेऊन जा आणि दुसऱ्या वर्षाच्या चार मुलांना फाटकाबाहेर चहाच्या टपरीवर गाठून विचारा: इंटर्नशिप कुणी मिळवून दिली, वर्ग रोज होतात का, मागच्या बॅचमधले किती जण खरोखर नोकरीला लागले. चारातल्या तिघांनी एकच उत्तर दिलं की समजून जा.

फोन करणाऱ्या माणसाला एक पैसाही देऊ नका. संस्थास्तरावरच्या, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागा असतात, हे खरं. पण त्यांचीही जाहिरात निघते आणि गुणवत्तेनं यादी लागते. फी किती घ्यायची ते शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. त्याहून वर रोख घेणं म्हणजे कॅपिटेशन, आणि महाराष्ट्रात ते १९८७ च्या कायद्यानं बंद आहे. कुणी «पर्सेंटाइल वाढवून देतो» म्हणालं तर तो सरळ गुन्हा आहे, आणि त्यात पैसे जाऊन वर लेकीचं नाव अडकेल. नंबर ब्लॉक करा. परत फोन आला तर पोलिस ठाण्यात जा.

तिसऱ्यांदा बसवायचं का? माझं स्पष्ट मत सांगते. नुसतं घरी बसवून तिसरं वर्ष घालवू नका. दोन वर्षं ती एकाच आकड्याकडे बघत बसली आहे, त्याचा शीण तुम्हाला दिसत नसेल, पण तो असतो. यंदा एल च्या रकान्यातून पटणारं कॉलेज लागलं तर घ्यावं. नाही लागलं आणि तिलाच पुन्हा द्यायची असेल, तर एखादी नोकरी धरून द्यावी. बीकॉम मुलीला सोलापुरात किंवा पुण्यात सीएच्या ऑफिसात काम मिळतं, आणि अनुभव मुलाखतीत उपयोगी पडतो. डिसेंबरपर्यंत सराव परीक्षांमध्ये गुण सातत्यानं ११५ च्या वर येत नसतील, तर ९९ ची आशा त्या वर्षीही नाही, हे तेव्हाच एकमेकांना सांगून टाकायचं. आणि कॅट द्यायची का, हे ठरवायचा हक्क तिचा. «द्यायला लावू का» असं तुम्ही लिहिलंत, तो शब्द मला खटकला. पेपरला ती बसणार आहे.

आज रात्री दुकान बंद केल्यावर गल्ल्याशेजारी बसून बिलबुकाच्या पाठीमागे तिच्याकडून हे सगळं समजून घ्या. «तुझं बरोबर होतं, मला टक्के वाटले,» एवढं म्हणा आणि पेन तिच्या हातात द्या. ती वारी काढून दाखवते की आलेख, ते तिच्यावर सोडा. मग गुणवत्ता क्रमांक, प्रवर्ग आणि तुम्हा दोघांना पटलेली दहा कॉलेजं एका कागदावर लिहून मला पाठवा. दुसऱ्या फेरीचे पर्याय भरायची मुदत संपायच्या आत पोचलं पाहिजे. गेल्या वर्षीच्या याद्या समोर ठेवून मी प्रत्येक नावापुढे काय वाटतं ते लिहून परत पाठवते.